पद्मिनीच्या मागून येणारा तो ‘खट्’ आवाज आणि रावळगावच्या माळावर ऊस पिकवणारा तिचा शेठ

नाशिकमध्ये आजही एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली प्रीमियर पद्मिनी दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी जपलेली आणि आता नातवाच्या रील्समध्ये झळकणारी. रविवारी सकाळी कव्हर निघतं, चोक ओढला जातो, गाडी एकदाची सुरू होते आणि गंगापूर रोडच्या दिशेने निघते. सगळं झकास चाललेलं असतं. मग पहिला स्पीडब्रेकर येतो आणि मागून आवाज येतो, खट्.

पुढचं सगळं ठरलेलं आहे. कोणीतरी सांगतं, मागचे शॉकअप गेले. शॉकअप बदलले जातात. आठ दिवस गाडी मऊ वाटते, नवव्या दिवशी परत खट्. मग दुसरा कोणी सांगतो, पाटे बदला. तेही होतं. खिसा रिकामा होतो आणि आवाज जिथल्या तिथे.

खरं तर हा आवाज नेमका कुठून येतो ते शोधता येतं, आणि तेही जॅक, पाना, टॉमी आणि थोडासा धीर एवढ्या भांडवलावर. आजच्या गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय कोणी हात लावत नाही. पद्मिनीचं तसं नाही. ती रस्त्याच्या कडेला समजून घेता येते आणि दुरुस्तही होते. असं का, हे कळायला एका माणसाची गोष्ट माहीत हवी. ज्या माणसाने ही गाडी बनवणारी कंपनी उभी केली, पण ही गाडी रस्त्यावर आलेली ज्याला पाहता आली नाही, ते शेठ वालचंद हिराचंद.

आणि नाशिककर हो, हे नाव परकं वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या, लहानपणी रावळगावची गोळी चघळली असेल तर तुम्ही वालचंद शेठचाच माल खाल्ला आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ सौराष्ट्रातलं, दिगंबर जैन. कापसाचा व्यापार आणि सावकारी यामुळे ते सोलापुरात रुजलं होतं. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शाळा सोलापुरात झाली, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे हिशोब मांडण्यात मन रमेना.

अशात त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक रेल्वेतले माजी कारकून. त्यांना रेल्वेची कामं कशी मिळतात हे माहीत होतं, वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करण्याची ताकद होती. दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपर्यंत गेला. आज मुंबईहून पुण्याला जाताना ट्रेन ज्या अंधारात शिरते, त्यातल्या काही अंधाराचं श्रेय या मंडळींना आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीचं कामही त्यांच्याकडे होतं. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्याच धंद्याची पुढची पिढी.

पण कंत्राटदार म्हणून पैसा मिळवून गप्प बसणाऱ्यातले ते नव्हते. १९१९ मध्ये त्यांनी आणि नरोत्तम मोरारजींसारख्या सोबत्यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून एक जहाज विकत घेतलं. नाव एस. एस. लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून इंग्लंडला निघालं आणि वालचंद स्वतः त्यावर होते. त्या काळी भारताच्या समुद्रावर इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. भाडी पाडून पाडून त्यांनी सिंधिया कंपनीला जेरीस आणलं. लॉयल्टी काही वर्षांतच भंगारात गेली, कंपनी मात्र टिकली. ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे, तो याच सफरीमुळे.

मग येतो नाशिक जिल्हा. १९२३ मध्ये वालचंद यांनी मालेगाव तालुक्यात रावळगावला सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन कसली, दगडगोट्यांचा माळ. तिथे दगड वेचून, पाणी आणून, यंत्रं लावून शेती सुरू झाली. ऊस उभा राहिला. १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्म कंपनी झाली आणि १९४० च्या दशकात साखरेच्या जोडीला गोळ्या-चॉकलेटं बनू लागली. पान पसंद आणि मँगो मूड याच घरातले. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, इंदापूर तालुक्यात कळंबजवळ दुसरा साखर कारखाना आला, ज्याच्याभोवतीच्या वसाहतीला आपण वालचंदनगर म्हणतो.

शेतीत यंत्रं, कारखान्यात यंत्रं, बांधकामावर यंत्रं. आणि प्रत्येक यंत्राचा सुटा भाग बोटीने बाहेरून यायचा. लॉरीचं एक चाक बसलं तरी काम अडायचं. गाड्यांचा विषय वालचंद यांच्या डोक्यात शिरायला वेगळं कारण लागत नव्हतं.

तेव्हा भारतात गाड्या बनत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता. पण तिथे खोक्यांतून सुटे भाग यायचे, ते जोडले जायचे आणि गाडी बाहेर पडायची. नट आवळायचं काम भारतातलं, नट मात्र परदेशातला. वालचंद यांना गाडी इथेच बनवायची होती. सर विश्वेश्वरय्यांनीही याच विषयावर योजना मांडली होती आणि युरोप-अमेरिकेचे कारखाने पालथे घातले होते. दोघांचं ध्येय एकच झालं.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, जनरल मोटर्सशीही नाही. क्रायस्लर तयार झाली. आता किस्सा ऐका. परतीच्या वाटेवर पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांच्यासोबत विल्यम पॉली नावाचा अमेरिकन होता, जो चीनमध्ये विमानं जोडायचा कारखाना चालवत होता. गाडीच्या शोधात गेलेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन परतला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. १९४२ मध्ये युद्धाच्या धामधुमीत सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन ती ताब्यात घेतली. हीच कंपनी १९६४ च्या विलीनीकरणानंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली, म्हणजे आपली एचएएल. नाशिकजवळ ओझरला जिथे मिग विमानं बनली, त्या कंपनीचं मूळ इथपर्यंत जातं. विशाखापट्टणमचा जहाज कारखानाही याच धडाक्यातला, १९४१ चा.

विमान झालं, जहाज झालं, गाडी मात्र अडकली. युद्धाच्या काळात मोटार उद्योग गरजेचा नाही, अशी इंग्रज सरकारची भूमिका होती. परवानगी नाही, परकीय चलन नाही, खरेदीची हमी नाही. वरवर पाहता अडचण युद्धाची होती. पण युद्धातच सैन्याला हजारो लॉऱ्या लागत होत्या आणि त्या बाहेरून येत होत्या. अडथळा दिसत होता एका ठिकाणी, होता दुसऱ्याच ठिकाणी.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. १९४७ मध्ये तिथून क्रायस्लर घराण्यातल्या गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले, डॉज, प्लायमाउथ, फार्गो. सुरुवात जोडणीनेच झाली, ते टाळता येणारं नव्हतं. मग इटलीच्या फिएटशी करार झाला आणि १९५१ मध्ये छोटी फिएट ५०० आली.

तोवर वालचंद थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

आणि नेमकं त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्याने गाडीचे भाग भारतात बनवायची योजना नाही, त्यांनी गाशा गुंडाळावा, असं सरकारचं धोरण ठरलं. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. प्रीमियर राहिली. वालचंद ज्या मुद्द्यासाठी पंधरा वर्षं भांडले, तो त्यांच्या जाण्याच्या वर्षी देशाचं धोरण झाला.

१९५४ मध्ये फिएट ११०० आली. १९६४ मध्ये तिची ११००-डी ही आवृत्ती डिलाइट नावाने आली. १९७० च्या दशकात तीच आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लटकलेला गिअरचा दांडा. गाडीचा आराखडा इटालियन, तोही पन्नाशीच्या दशकातला. भाग मात्र हळूहळू इथले होत गेले. पाटे, बुश, रबर, शॉकअप हे सगळं देशात बनू लागलं आणि गावोगावच्या दुकानांत मिळू लागलं. त्यातून मेकॅनिकांच्या दोन-तीन पिढ्या या एकाच गाडीवर शिकल्या. पद्मिनी कडेला समजून घेता येते ती यामुळे.

तर आता त्या आवाजाकडे येऊ.

पद्मिनीच्या मागच्या बाजूला एक जाडजूड आडवा एक्सल असतो, दोन्ही चाकांना जोडणारा. तो दोन लांब पाट्यांवर बसवलेला असतो, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या थप्पीवर. बैलगाडी ते ट्रक सगळ्यांना कळणारी रचना आहे ही. पण पाट्यावर तीन कामं एकदम असतात. गाडीचं वजन तो पेलतो. एक्सलला जागेवर धरून ठेवतो. आणि गाडी पळवताना किंवा ब्रेक मारताना एक्सलला बसणारा पीळही तोच सोसतो. त्यामुळे पाट्याच्या जोडणीत कुठेही ढिलाई आली की आवाज एकच, कारणं मात्र पाच-सहा.

म्हणून आधी पाना नाही, कान लावायचा. त्याहीआधी डिक्की रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, पाने, मागच्या दिवाळीपासून पडलेली पाण्याची बाटली, सगळं बाहेर. हसू नका, कित्येक खट् आवाज इथेच संपतात. सायलेन्सरचा पाइप हलवून बघायचा, कारण त्याचं लटकणारं रबर तुटलं की पाइप खाली आपटतो आणि आवाज हुबेहूब सस्पेन्शनसारखा येतो.

मग गाडी चालवायची आणि आवाज कधी येतो ते नीट बघायचं. सगळं निदान या एका प्रश्नावर उभं आहे. बारीक खड्ड्यांवर, कमी वेगात टकटक येत असेल तर संशय शॉकअपच्या वरच्या-खालच्या रबरांवर. मोठ्या स्पीडब्रेकरवर एकदाच दणका बसत असेल तर पाटे बसलेत आणि एक्सल वर जाऊन आपटतोय. सपाट रस्त्यावर क्लच सोडताना, पहिल्यातून रिव्हर्सला जाताना किंवा ब्रेक मारताना खट् होत असेल तर खड्ड्याचा संबंधच नाही. तिथे यू-बोल्ट, पाट्याच्या टोकाचं बुश किंवा इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टचा क्रॉस यांच्याकडे बघायचं.

आता शॉकअपचा गैरसमज. डिक्कीच्या कोपऱ्यावर सगळा भार देऊन दाबायचं आणि सोडायचं. गाडी वर येऊन शांत झाली तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा डुलली तर गेला. पण गेलेला शॉकअप बहुतेक वेळा गाडी डुलवतो, खट् करत नाही. खट् करतं त्याचं झिजलेलं रबर किंवा ढिला नट. म्हणजे काही रुपयांच्या रबरासाठी हजारोंचे शॉकअप बदलले जातात. नव्या शॉकअपसोबत नवं रबर आलं आणि आवाज गेला, तर लोक म्हणतात शॉकअपच होता. जुनंच रबर परत बसवलं असेल तर नवव्या दिवशी पुन्हा खट्.

यानंतर गाडीखाली जायचं, आणि इथे हयगय नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. विटांवर तर नाहीच, वीट न सांगता फुटते. पुढच्या चाकांना ठोकळे लावायचे आणि गाडी पक्क्या स्टँडवर घ्यायची. सगळ्यात चांगला म्हणजे गॅरेजचा पिट किंवा रॅम्प, कारण तिथे चाकं टेकलेली असतात. हा बारकावा महत्त्वाचा आहे. बॉडीला जॅक लावून गाडी उचलली की चाकं लोंबतात, पाट्यांवरचा भार उतरतो आणि जी ढिलाई शोधायची तीच लपते. पिट नसेल तर निदान स्टँड एक्सलखाली लावावेत.

खाली गेल्यावर डोळे आधी. गंजलेल्या भागात एखादी जागा चकचकीत घासलेली दिसली की समजायचं, इथे लोखंड लोखंडावर घासतंय. बुशाच्या कडेला लालसर भुकटी सांडलेली असेल तरी तोच अर्थ. पाट्याच्या टोकाला, जिथे तो बॉडीला जोडलाय, तिथे टॉमी अडकवून हळूच उचकटायचं. थोडं रबरी दबणं चालतं, टक् आवाज करत सरकणं चालत नाही. मागच्या टोकाच्या शॅकललाही तसंच. पाट्यांचं एकेक पान बोटाने चाचपून तडा शोधायचा. तुटलेलं पान मातीखाली सहज लपतं, पण गाडी एका बाजूला कलते. म्हणून सपाट जागी दोन्ही बाजूंना जमिनीपासून चाकाच्या कमानीपर्यंतची उंची मोजली की लगेच कळतं.

यू-बोल्टचा प्रकार जरा फसवा असतो. पाटा आणि एक्सल यांना आवळून धरणारे हे चार बोल्ट ढिले झाले की एक्सल पाट्यावर किंचित पुढे-मागे सरकतो. पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट तुटला असेल तर जास्तच. तपासायला खडूने पाटा आणि एक्सलची बैठक यांच्यावर सलग रेघ ओढायची, थोडी गाडी फिरवून आणायची. रेघ तुटली तर चोर सापडला. दुसरी युक्ती दोघांनी करायची. एकाने हँडब्रेक पूर्ण ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायचा, मग रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून चाकाकडे आणि पाट्याकडे बघायचं. समोर, मागे किंवा खाली कोणी थांबायचं नाही. एक्सल पाट्यावर सरकला तर यू-बोल्ट, पाट्याचं टोक हललं तर बुश, आणि दोन्ही शांत असूनही मधूनच टक् आला तर क्रॉस.

एवढं करूनही दोघा-तिघांवर संशय राहिला तर अंगणातल्या अंगणात शॉकअपचं खालचं टोक सोडवून, बांधून ठेवून, गाडी अगदी हळू एखाद्या फळीवरून न्यायची. आवाज गेला तर शॉकअप किंवा त्याचं रबर. तशी गाडी रस्त्यावर मात्र काढायची नाही.

आणखी एक जुनी सवय सोडलेली बरी. आवाज आला की पाट्यांवर जळकं ऑइल मारायचं. पानांमधली करकर त्याने कमी होते हे खरं, पण तेच ऑइल रबरी बुशांवर उतरतं, रबर फुगतं, सडतं, आणि करकर जाऊन खट् येतो.

बुश नवीन बसवले की त्यांचे नट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. लोंबत्या पाट्यावर आवळलं तर रबर वाकड्या स्थितीत पकडलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. ही चूक चांगल्या चांगल्या हातांकडून होते, कारण गाडी वर असताना पाना फिरवणं सोपं जातं.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचा ब्रँडही रिलायन्सने २७ कोटींना घेतला. घरगुती पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि त्यांचे बुश जुन्या बाजारातल्या दुकानदाराला विचारले तर तो फळीवरून काढून देतो.

यू-बोल्ट नव्याने आवळले की थोडं अंतर चालवून ते पुन्हा एकदा आवळावे लागतात, कारण पाट्यांची पानं भाराखाली बसतात. त्यासाठी नाशिकहून पिंपळगाव, चांदवड, राहुड घाट, मालेगाव करत रावळगावला जाऊन यावं. दोनशेच्या वर किलोमीटर होतात, रस्त्यात घाट आहे, स्पीडब्रेकर आहेत. परत आल्यावर गाडी थंड होऊ द्यायची, आणि पाना काढायचा.